मेसेज पोहोचला का?

एप्रिलमधला गुरुवार. साडेआठचं लेक्चर. डोक्याला शाम्पू लावलेला आणि नळातून नुसती हवा! पुण्यात फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या कुणालाच हा सीन नवा नसेल. बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावरून आम्ही चौघं भांडलो आणि मग खाली जाऊन वॉचमनकाकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ‘आज पाणी बंद आहे ना. पेपरात आलं होतं. ग्रुपवर पण टाकलंय.’

पेपर आमच्याकडे येत नव्हता आणि सोसायटीच्या ग्रुपमध्ये आम्ही नव्हतो. तिथे फक्त फ्लॅटमालक. म्हणजे सध्या कॅनडात असलेल्या आमच्या घरमालकांना आमच्या नळाची खबर आदल्या दिवशीच मिळाली होती आणि नळाखाली उभे असलेले आम्ही कोरडेच!

आम्ही हसून सोडून दिलं. पण दहा वाजता भांडी घासायला मावशी आल्या. दोन बस बदलून आलेल्या. पाणी नाही म्हटल्यावर तशाच परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, ‘काल सांगितलं असतंत तर तिकिटाचे पैसे वाचले असते.’ काल आम्हालाच माहीत नव्हतं. पण माहीत असतं, तर आम्ही त्यांना आठवणीने कळवलं असतं का? खरं सांगायचं तर मला खात्री नाही.

उन्हाळ्यात शहराच्या पानावर अशा छोट्या बातम्या रोज असतात. ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ फांद्या छाटण्यासाठी वीज बंद. अमुक रस्त्यावर ड्रेनेजचं काम. नालेसफाई सुरू. आपण त्या ओलांडून थेट क्रिकेटच्या पानावर जातो. ‘बोअर आहे यार!’ आहेच. पण आपल्या दिवसाचं काय होणार हे सांगणारी बातमी बहुतेक वेळा तीच असते.

आता उन्हाळ्यातून थोडं पुढे, पावसाळ्यात चला. २५ जुलै २०२४ ची पहाट. खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. गुणाकार केलात तर दर सेकंदाला जवळपास १० लाख लिटर! सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत लोक झोपेतून उठले तेव्हा पार्किंग बुडालेलं होतं. ‘आम्हाला वेळेत कुणी सांगितलंच नाही,’ ही तिथल्या रहिवाशांची मुख्य तक्रार होती. त्याच पहाटे पुलाची वाडी परिसरात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केलं, ते सहकारनगर-अरण्येश्वर भागातल्या कुणालाही विचारा.

गुरुवारी पाणी नसण्याची आणि पूर येण्याची तुलना मी करत नाहीये. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. माहिती कुठेतरी असते. ज्याला तिची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच्यापर्यंत ती पोहोचते का?

‘हे महापालिकेचं काम आहे, आमचं नाही,’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. इशारा वेळेत देणं, नाले साफ ठेवणं ही यंत्रणेचीच जबाबदारी आहे आणि ती तिच्याच गळ्यात राहिली पाहिजे. पण जाब विचारायलाही आधी माहिती लागते. नालेसफाईबद्दल जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून पोस्ट टाकली तर लाइक मिळतील. मे महिन्यात तुंबलेल्या चेंबरचा फोटो काढून तक्रार केलीत आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवलात, तर निदान पंधरा दिवसांनी ‘त्याचं काय झालं?’ असं विचारता येतं.

आणि हे विचारायचं कुठे? पुण्यात महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. आपलं त्यातलं कुठलं, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? नदी-ओढ्याजवळ राहत असाल तर पूररेषाही समजून घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रूम घेताना आपण वाय-फाय आहे का ते विचारतो. इमारत निळ्या रेषेच्या आत आहे का, हेही विचारून बघा.

फॉरवर्डचं मात्र जरा जपून. ‘उद्या पाणी बंद’ या मेसेजवर तारीख नसेल, तर तो उद्या कुठला, हे देवच जाणे. तारीख, भाग आणि माहिती कुणी दिली, या तीन गोष्टी बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका. चुकीच्या चार मेसेजनंतर लोक पाचवा, खरा मेसेजही उघडत नाहीत. पुराच्या रात्री ते महागात पडतं.

त्या गुरुवारनंतर आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना भेटलो. भाडेकरूंना ग्रुपमध्ये घ्या, अशी विनंती केली. ‘मग तुम्ही तिथे मीम्स टाकाल,’ असं म्हणून त्यांनी आधी उडवून लावलं. शेवटी तोडगा निघाला. महापालिकेची सूचना आली की आम्ही ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लिफ्टशेजारी लावायची. खाली तारीख. हा कागद वॉचमनकाका, दूधवाले, कुरियरवाले, सगळेच वाचतात. मावशींना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करायचं काम माझ्याकडे आहे.

पहिल्यांदा फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंस. आमच्या गल्लीत पण सांगते.’ तिथे बातमी पोहोचवायला आता मावशी आहेत. तुमच्या इमारतीत, तुमच्या हॉस्टेलवर असा कुणाला फोन करायचा राहिलाय?