घरगुती विज्ञान : मोटारीतील वीज

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप लातूर-नांदेडकडील वाचकांच्या स्मरणात असेलच. अशा प्रसंगी घरची वीज जाते व मोटारीची बॅटरी हाच आधार उरतो. परंतु ती नावापुरतीच बारा व्होल्टची होय. इंजिन चालू असता विजेचा दाब चौदापर्यंत चढतो. ते सुरू करतेवेळी क्षणभर दहाच्याही खाली येतो. पाच व्होल्टचे उपकरण तीस थेट जोडल्यास ते जळालेच समजावे. मध्ये नियंत्रक हवा. ७८०५ हा स्वस्त नियंत्रक जास्तीचे नऊ व्होल्ट उष्णतेत घालवितो. एका अँपिअरमागे ९ वॅट! आमच्याकडील वैशाखात तो तापून बंदच पडावयाचा. ‘बक कन्व्हर्टर’ त्याहून पुष्कळ कमी तापतो. तोच घ्यावा, बॅटरीलगत फ्यूज बसवावा आणि ही जुळणी संकटापूर्वीच तपासून ठेवावी, असे आम्ही सुचवितो.