कोर्टात ब्लॉकचेन: कागद जपला जाईल, पण निकालाचं काय?



भारतातल्या कोर्टांत ब्लॉकचेन येणार, असं हल्ली वाचायला मिळतं. आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलोपार्जित जमिनी अजून अलिबाग, पेणकडे आहेत, काहींचे वाटणीचे दावेही चालू आहेत. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ या.

ब्लॉकचेन म्हणजे एक नोंदवही, तिच्या प्रती अनेक कॉम्प्युटरवर असतात. प्रत्येक कागदाचा आकडे-अक्षरांचा एक ठसा काढतात, माणसाच्या बोटाचा काढतात तसा. कागदातलं एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही. शिवाय नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. त्यामुळे मधलंच पान कुणी गुपचूप बदललं, तर ते उघड होतं.

चीनमध्ये हांगझोऊच्या इंटरनेट कोर्टाने २०१८ साली कॉपीराइटच्या एका खटल्यात असा पुरावा मान्य केला. भारतातही जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटवर असा ठसा नोंदवावा लागतो.

हे चांगलंच आहे. पण आम्हा नर्सेसना ठाऊक असतं, की चार्टवर खाडाखोड नाही म्हणून ताप नीट मोजला होता असं होत नाही. खोटा वारस दाखवून केलेली नोंद ब्लॉकचेनमध्ये घातली, तर ती खोटी नोंदच जपली जाईल.

दुसरं म्हणजे उशीर. भारतात सुमारे पाच कोटी खटले तुंबले आहेत. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितलं होतं. आज ते साधारण २१ आहेत. वॉर्डात नर्सच कमी असतील, तर नवीन मशीन आणून पेशंटची रांग कशी हटणार?

सरकारने २०२३ मध्ये ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ब्लॉकचेन मिळून फक्त ५३.५७ कोटी, कोर्टातले कागद स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायला मात्र दोन हजार कोटींहून जास्त. माझ्या मते हा क्रम बरोबर आहे. आधी कागद, मग कुलूप.

तेव्हा ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी वकिलाकडून सर्टिफाइड नकला मागवा, सातबाऱ्यावरची नावं तपासा. चूक असेल तर आत्ताच अर्ज करा. आपल्या मुलांना मराठी कागद वाचता येत नाहीत. हे काम आपल्यालाच उरकायला हवं.