अर्ध्या सत्यावरच्या टाळ्या

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ १९८३ साली पडद्यावर आला, तेव्हा मुंबई विलक्षण अस्वस्थ होती. गिरणी संपाने कामगार वस्त्यांतील चुली थंडावत चालल्या होत्या. आदल्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये खुद्द पोलीस शिपायांनी बंड केले होते आणि कायद्याच्या रक्षकांना आवरण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले होते. अशा शहराच्या रस्त्यावर सब इन्स्पेक्टर अनंत वेलणकर उभा राहिला.

चित्रपट हिंदी असला, तरी त्याचे रक्त मराठी आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही मूळ कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, शीर्षक देणारी दिलीप चित्रे यांची कविता आणि मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकरांचा थंड डोळ्यांचा रामा शेट्टी. तेंडुलकरांची राजकीय मते न पटणारे महाराष्ट्रात थोडे नाहीत. परंतु पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत माणूस कसा झिजतो, हे त्यांनी ज्या नेमकेपणाने मांडले, त्याला दाद न देणे हा करंटेपणा ठरेल.

वेलणकर मुळात वाईट नाही, हीच या कथेची खरी वेदना. त्याला पुढे शिकायचे होते. हवालदार बापाच्या हट्टापायी तो खात्यात आला. भाजलेल्या माणसाची जबानी हाती घेऊन तो शेट्टीला अटक करायला जातो आणि एका दूरध्वनीपुढे त्याला हात हलवत परतावे लागते. जिवावर उदार होऊन पकडलेल्या दरोडेखोराचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडते. ज्याला बेड्या पडायच्या, तो शेट्टी पालिका निवडणुकीच्या रिंगणात उतरतो. हा साचलेला अपमान अखेर कोठडीतल्या एका क्षुल्लक चोरावर कोसळतो आणि त्यात त्या चोराचा जीव जातो. बलवानापुढे हतबल झालेली सत्ता दुर्बलावर हात उगारते, हे कटू सत्य ओम पुरी यांच्या चेहऱ्यावर वाचता येते. त्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सर्वार्थाने यथार्थ होता.

या प्रकरणातून सुटण्यासाठी वेलणकर शेट्टीच्याच दारात जातो, तिथे सौद्याची भाषा ऐकतो आणि त्याचा गळा आवळतो. इथे प्रेक्षागृहात टाळ्या पडत. पण चित्रपट तिथे संपत नाही. वेलणकर तसाच ठाण्यात जातो आणि आपण शेट्टीला मारल्याचे सांगतो. आपल्या हातून घडले तो न्याय नव्हे, हे त्याला कळलेले असते. टाळ्यांच्या कडकडाटात हेच शेवटचे पाऊल बहुतेकांच्या नजरेतून निसटले. पुढे २००४ च्या ‘अब तक छप्पन’पर्यंत येताना चकमकींचा हिशेब ठेवणारा अधिकारीच नायक झाला.

आणि ही सवय पडद्यापुरती राहिली नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये हैदराबादजवळ तरुण पशुवैद्यक महिलेवरील अत्याचार आणि हत्येच्या प्रकरणातील चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. लोकांचा संताप खोटा नव्हता. वर्षानुवर्षे रखडणाऱ्या खटल्यांतून तो जन्मला होता. परंतु निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाच्या २०२२ मध्ये खुल्या झालेल्या अहवालाने चकमकीची पोलिसी हकीकत अविश्वसनीय ठरवली. ज्या भगिनीसाठी फुले उधळली, तिला न्यायासनासमोर सिद्ध झालेला न्याय मात्र कधीच मिळाला नाही.

आपल्या परंपरेने दंडाला धर्माचे अधिष्ठान दिले. दंड अतिकठोर झाला तर प्रजा उद्विग्न होते, लेचापेचा झाला तर त्याची अवहेलना होते, हा कौटिल्याचा विचार आहे. दंड यथायोग्य राहावा म्हणून तो धारण करणारा हात स्वतंत्र हवा. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये नेमके हेच सांगितले : महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, बदल्यांसाठी मंडळ, तक्रारींसाठी प्राधिकरण. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला. पण बदलीची टांगती तलवार पोलीस ठाण्यांवरून खरोखर दूर झाली का, याचे उत्तर कोणत्याही पक्षाच्या राज्यकर्त्याने छातीवर हात ठेवून द्यावे.

तुकाराम ओंबळे यांच्यासारखा वीर २६/११ च्या रात्री याच पोलीस दलाने दिला. त्या दलाला प्रसंगापुरती फुले पुरेशी नाहीत. एका दूरध्वनीवर शेट्टी सुटणार नाही, अशी हमी त्याला हवी. ती हमी देणे हा राजधर्म आहे आणि ती राज्यकर्त्यांकडून वसूल करणे हा समाजाचा. हे दोन्ही घडेपर्यंत प्रत्येक चकमकीनंतरची टाळी अर्ध्या सत्यालाच पडत राहील.