गॅस बंद, पण कुकर गरमच!

मैत्रिणींनो, एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांची बदली बोईसरला झाली, पदरात दीड वर्षाचं मूल. लिहितात, "तारापूरचं अणुवीज केंद्र इतकं जवळ! तिथलं दूध बाळाला द्यावं का? सासूबाई म्हणतात, नातवाला इथंच ठेवून जा."

ताई, तारापूरचं केंद्र १९६९ पासूनचं. अणुभट्टी म्हणजे बॉम्ब नव्हे. तिचा तसा स्फोट होत नाही. धोका निराळा आहे, आणि तो स्वयंपाकघरातून पटकन कळेल. गॅस बंद केला तरी कुकर गरम राहतो, पण हळूहळू निवतो. भट्टीतलं इंधन मात्र भट्टी बंद झाल्यावरही स्वतःच उष्णता देत राहतं. अगदी सुरुवातीला मूळ उष्णतेच्या सुमारे ६-७ टक्के. म्हणून त्यावर पाणी सतत खेळतं ठेवावं लागतं. जपानात फुकुशिमाला ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडाली, पाणी थांबलं आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं.

आता दुधाचं. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची भट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, दुधात उतरलं आणि मुलांच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठलं. पुढे हजारो मुलांना तिथला कर्करोग झाला. हे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मं होतं. म्हणजे वेळीच सांगून दोन-तीन महिने ताजं दूध बंद ठेवलं असतं, तर पुष्कळ मुलं वाचती. शेजारच्या पोलंडने मात्र तातडीने एक कोटीच्या वर मुलांना आयोडीन पाजलं.

राहिला कचरा. वापरलेलं इंधन आधी कित्येक वर्षं पाण्याच्या हौदात ठेवतात. पुढे प्रक्रिया करून उरलेला जहाल भाग काचेत मुरवून पोलादी डब्यांत बंद करतात. हे काम तारापूरलाही होतं. त्यातलं सिझियम निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, प्लुटोनियमला तर २४ हजार! लोणच्याची बरणी आपण वर्षभर जपतो. ही बरणी किती पिढ्यांनी जपायची? हा प्रश्न आपण सगळ्यांनीच विचारायला हवा.

तर ताई, बाळाला खुशाल बरोबर न्या. एरवीच्या दिवसांत तिथलं दूध द्यायला हरकत नाही. परिसरातलं पाणी, दूध, मासळी तपासणारी प्रयोगशाळा तिथे आहे. मात्र एवढं कराच:

• गेल्या गेल्या विचारून ठेवा: इशारा कसा देतात, जमायचं कुठे?

• इशारा झाला तर मुलांना घरात घ्या, दारं-खिडक्या लावा, अन्नपाणी झाका.

• ताजं दूध, पालेभाजी, उघड्या विहिरीचं पाणी सरकारी सूचना येईपर्यंत बंद.

• आयोडीनची गोळी सांगितल्यावरच घ्यायची, आपल्या मनाने नाही. आयोडीनचं मीठ तिची जागा घेत नाही. आणि जखमेवरचं आयोडीन कधीही पोटात घ्यायचं नाही.

सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. नातवाची काळजी त्यांनाही आहेच ना!