रणगाड्यांच्या प्रतिकृति आणि सत्यनिष्ठा

छंद हा फावल्या वेळेचा सोबती आहे, आणि सोबत्यावरून मनुष्याची पारख करण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. म्हणूनच एखादा विद्यार्थी अभ्यास आटोपल्यावर टेबलावर प्लास्टिकचे तुकडे मांडून रणगाडा जुळवूं लागला, म्हणजे घरांतील वडील मंडळी थोडी साशंक होतात. मुलाला लढाईचें वेड तर लागत नाहीं ना, असा प्रश्न त्यांच्या मनांत येतो. उलट पक्षीं या छंदाचे अभिमानी म्हणतात कीं, हें केवळ हस्तकौशल्य आहे. त्याचा युद्धाशीं संबंध तो काय? माझ्या मतें हे दोन्ही पक्ष अर्ध्याच सत्यावर उभे आहेत. युद्धवाहनाची प्रतिकृति करणें चांगलें कीं वाईट, हें त्या वाहनावरून ठरत नाहीं; ती करणारा आणि तिचें परीक्षण लिहिणारा हे सत्याशीं किती इमान राखतात, यावरून तें ठरतें. प्रस्तुत लेखांत एवढीच गोष्ट वाचकांपुढें मांडावयाची आहे.

प्रथम खेळणें आणि प्रतिकृति यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. खेळण्यांतील रणगाडा रणगाड्यासारखा दिसला म्हणजे पुरे. प्रतिकृति मात्र एका विशिष्ट मूळ वस्तूचें प्रमाणबद्ध रूप असते. तें मूळ कोठें तरी आहे अथवा होतें, त्याचीं मापें नोंदलेलीं आहेत, त्याचीं छायाचित्रें उपलब्ध आहेत, आणि आपण केलेली वस्तु त्याच्याशीं ताडून पाहतां येते. प्रतिकृतीची सारी प्रतिष्ठा या ताडून पाहण्यांतच आहे.

या छंदाचा इतिहास थोडा चमत्कारिक आहे. इंग्लंडांतील एअरफिक्स कंपनीनें १९४९ सालीं जी आपली पहिली प्रमाणबद्ध प्रतिकृति काढिली, ती कोणत्याहि युद्धयंत्राची नसून फर्ग्युसन नांवाच्या शेतीच्या ट्रॅक्टरची होती. रणगाड्याचें माहेरहि शेतींतच आहे. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं रणगाड्याचा जो पहिला नमुना १९१५ सालीं तयार केला, तो लिंकन शहरीं शेतकीचीं यंत्रें करणाऱ्या विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यांत घडला. पुढें १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर रणगाडा प्रथमच लढाईंत उतरला. तरवारी मोडून त्यांचे फाळ व्हावे, असें स्वप्न संदेष्ट्यानें पाहिलें होतें. येथें तर फाळाच्या कारखान्यांतूनच तरवार बाहेर पडली! जो विद्यार्थी रणगाड्याचे पट्टे जुळवितांना एवढी एक गोष्ट जाणतो, त्याच्या हातून होणारें काम निव्वळ खेळ राहत नाहीं.

आज या छंदांत ज्या प्रमाणाचा सर्वाधिक बोलबाला आहे, त्या पस्तिसांश प्रमाणाची कथाहि मनोरंजक आहे. जपानांतील शिझुओका येथें १९४६ सालीं लाकडाच्या धंद्यांतून उदयास आलेली तामिया ही कंपनी प्रथम लाकडी प्रतिकृति करीत असे व १९६० पासून ती प्लास्टिककडे वळली. त्यानंतर लवकरच तिनें जर्मन ‘पॅन्थर’ रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृति काढिली. तिच्या पोटांत मोटर आणि दोन बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबानें तिचा आकार ठरला. मागाहून मोजून पाहतां तो मुळाच्या सुमारें एक-पस्तिसांश भरला, आणि मग तेंच प्रमाण रूढ झालें. ज्या आंकड्यास आज जगभर वेदवाक्याचा मान आहे, तो बॅटरीच्या सोयीनें ठरला होता! रूढ गोष्टीचें मूळ तपासून पाहावें, हा धडा येथें अनायासें मिळतो.

आतां मापाचा विचार करूं. अमेरिकन ‘शर्मन’ रणगाड्याच्या एका प्रकाराची लांबी सुमारें ५.८४ मीटर होती. पस्तिसांश प्रमाणांत ती १६.७ सेंटिमीटर होते. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक ५ सेंटिमीटरचा होतो. परंतु लांबी पस्तिसाव्या हिश्श्यानें घटली, तर घनफळ ४२,८७५ व्या हिश्श्यानें घटतें. सुमारें ३० टन वजनाचा शर्मन या हिशेबानें ७०० ग्रॅम भरावयास हवा; प्लास्टिकची पोकळ प्रतिकृति त्याहून पुष्कळच हलकी असते. आणखी एक माप पाहा. शर्मनच्या धडाचें पुढील पोलादी चिलखत ५१ मिलिमीटर जाड होतें. पस्तिसांशांत तें अवघें दीड मिलिमीटर होतें, म्हणजे जवळजवळ हातांतील प्लास्टिकच्या पत्र्याइतकेंच! त्या आडोशामागें पांच माणसें बसत असत. हा हिशेब ज्यानें एकदां कागदावर मांडला, त्यास रणगाडा म्हणजे अभेद्य किल्ला असें पुन्हां वाटणार नाहीं. प्रतिकृति मुळाची लांबी-रुंदी घेऊं शकते. त्याचें वजन, त्याच्या पोटांतील उष्मा, धूर आणि भय हीं ती घेऊं शकत नाहीं. तीं ज्ञानानें भरून काढावीं लागतात.

येथवर प्रतिकृति करणाऱ्याविषयीं लिहिलें. आतां तिच्या परीक्षणाविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें प्राप्त आहे. नवा संच निघाला कीं त्यावर मत देणारे पुष्कळ निघतात. त्यांतील कित्येक पेटी उघडतात, चौकटींना जोडलेले भाग पाहतात, पेटीवरील चित्राची वाहवा करितात, आणि संच उत्कृष्ट असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे होतात. तुकडे न जुळवितां दिलेलें असें मत म्हणजे पंक्तींत न बसतां स्वयंपाकाची तारीफ करण्यासारखेंच होय. वितळलेलें पॉलिस्टायरीन दाबानें पोलादी सांच्यांत भरून हे भाग काढिले जातात. सांच्याचे दोन भाग जेथें मिळतात तेथें बारीक शीर राहते. भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे वाटोळे वळ उमटतात. जाड ठिकाणीं प्लास्टिक थंड होतांना आंत बसतें आणि खळगा पडतो. या गोष्टी लक्ष देऊन पाहणाऱ्यास पेटींतच दिसतील. परंतु धडाचे वरचे व खालचे भाग एकमेकांस नीट भिडतात कीं फट राहते, बुरुज आपल्या जागीं फिरतो कीं अडतो, पट्ट्याच्या कड्या मोजक्या भरतात कीं एखादी कमी पडते, हें प्रत्यक्ष जुळविल्यावांचून ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

पट्ट्यांचेंच उदाहरण घ्या. रशियाच्या टी-३४ रणगाड्यास पट्टा वर उचलून धरणारीं लहान चाकें नव्हतीं. त्यामुळें त्याचा वरचा पट्टा स्वतःच्या भारानें सैल होऊन मोठ्या चाकांवर टेकत असे. संचांत रबरासारखा एकसंध पट्टा दिला असेल आणि तो ताठ ताणलेला राहत असेल, तर प्रतिकृति कितीहि सुबक असली तरी त्या ठिकाणीं ती खोटें बोलते. परीक्षकानें हें सांगितलें पाहिजे, आणि त्यावर उपायहि सुचविला पाहिजे. उलट दोषैकदृष्टीहि बरी नव्हे. पस्तिसांशांतील अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ रणगाड्यावर साडेसतरा मिलिमीटर. तेवढ्यावरून सबंध संच टाकाऊ ठरविणें हाहि सत्याचा विपर्यासच होय. कोणता दोष कानशीच्या चार घांशांत जाईल, कोणता कधींच जाणार नाहीं, आणि कोणता नुसत्या डोळ्यांस दिसणारहि नाहीं, हा विवेक म्हणजेच परीक्षण.

हें इतक्या आग्रहानें लिहिण्याचें कारण असें कीं, आपल्याकडे चांगले संच बहुधा परदेशांतून येतात व त्यांची किंमत हलकी नसते. एखादा मुलगा खाऊचे पैसे कित्येक महिने साठवितो आणि कोणाचें तरी परीक्षण वाचून संच मागवितो. त्यास लागणाऱ्या ठेंचेला तें परीक्षण जबाबदार असतें. संच विक्रेत्यानें फुकट धाडला असेल, तर परीक्षकानें तें पहिल्याच ओळींत सांगावें. संच जुळविला नसेल, तर तेंहि सांगावें. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, ही आज्ञा आपण शाळेंत पाठ करितों. शेजाऱ्यास लुबाडणाऱ्या वस्तूच्या बाजूनें खोटी साक्ष देणें हेंहि त्याच आज्ञेचें उल्लंघन होय.

तथापि सत्याचा याहूनहि मोठा एक प्रश्न आहे, आणि तो मापपट्टीनें सुटत नाहीं. प्रत्येक वाहन आपापल्या ठिकाणीं बिनचूक असूनहि सबंध कपाट खोटें बोलूं शकतें. या छंदांत जर्मन ‘टायगर’ रणगाड्याचें कौतुक फार. परंतु दुसऱ्या महायुद्धांत पहिल्या जातीचे टायगर उणेपुरे साडेतेराशें निर्माण झाले. शर्मन सुमारें ४९,००० झाले आणि टी-३४ त्याहूनहि अधिक. अमेरिकेच्या अडीच टनी मालमोटारी तर पांच लक्षांवर निघाल्या. ज्या जर्मन सैन्याची आपण यंत्रयुगाचें प्रतीक म्हणून कल्पना करितों, त्यानें त्या युद्धांत पंचवीस लक्षांहून अधिक घोडीं व खेंचरें राबविलीं. कपाटांत मात्र दहा टायगर उभे असतात, मालमोटार एखादी, आणि घोडा औषधालाहि नसतो! शिवाय टायगर कोणत्या राजवटीनें, कोणत्या हेतूनें रणांत धाडला, आणि त्या राजवटीनें मानवजातीवर काय अत्याचार केले, हें विसरून केवळ त्याच्या ८८ मिलिमीटर तोफेचे गोडवे गाणें हें अज्ञान तरी आहे किंवा त्याहून वाईट कांहीं. टायगर करूं नये असें मी म्हणत नाहीं. त्याच्या शेजारीं त्याची खरी हकीकत लिहिलेली एक चिठ्ठी ठेवावी, एवढेंच माझें म्हणणें आहे.

आपल्या देशांतील वीरांकडे पाहिलें तर हीच गोष्ट अधिक उठून दिसते. १९४५ सालीं ब्रह्मदेशांत मेइक्टिलाच्या लढाईंत प्रोबिन्स हॉर्स व रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय पलटणी शर्मन रणगाडे घेऊन लढल्या. म्हणजे तो रणगाडा केवळ अमेरिकेच्याच इतिहासाचा नव्हे, आपल्याहि इतिहासाचा आहे. सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांतील असल उत्तर येथें पाकिस्तानचे नव्या धाटणीचे पॅटन रणगाडे चालून आले, तेव्हां ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद यांनीं त्यांस तोंड दिलें, तें कोणत्याहि रणगाड्यांतून नव्हे. त्यांच्याजवळ होती एक उघडी जीप आणि तिच्यावर बसविलेली १०६ मिलिमीटरची तोफ. अनेक पॅटन निकामी करून ते तेथेंच धारातीर्थीं पडले व मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी झाले. जीपचा संच दुकानांत सर्वांत स्वस्त असतो, म्हणून मुलें त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. त्यांनीं या एका जीपचें स्मरण करावें. चिलखताची जाडी हीच शौर्याचें माप असती, तर त्या जीपला इतिहासांत जागाच मिळाली नसती.

दुसरी गोष्ट, पुणें शहराचें नांव धारण करणाऱ्या पूना हॉर्स पलटणीची. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा सेंच्युरियन रणगाडा गोळा लागून पेटला. वाहन सोडण्याची आज्ञा झाली असतांहि, आपली तोफ अद्याप चालते आहे, असें सांगून ते लढत राहिले आणि धारातीर्थीं पडले. त्यांचें वय २१ वर्षांचें होतें. त्यांचा तो ‘फामागुस्ता’ नांवाचा रणगाडा अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन करून ठेविला आहे. त्याच नगरांत १९९४ सालीं स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालयहि आहे. ज्यास प्रतिकृतीचा छंद आहे, त्यानें एकदां तरी तेथें जाऊन मूळ वाहनाच्या शेजारीं उभें राहावें. पेटीवरील चित्रांतून जें शिकतां येत नाहीं, तें त्या थंड पोलादावर हात ठेवल्यावर क्षणांत कळतें.

शेवटीं आपल्या विद्यार्थी बंधुभगिनींस चार शब्द सांगतों. एका वेळीं एकच संच घ्या, आणि तो पुरा केल्यावांचून दुसरा आणूं नका. चिकटविण्याचा द्रव प्लास्टिक विरघळवून सांधे एकजीव करितो. त्याची वाफ अपायकारक असते, यास्तव खिडक्या उघड्या ठेवून काम करा. भाग चिकटविण्यापूर्वीं कोरडेच जुळवून पाहा. रंग देण्यापूर्वीं त्या वाहनाविषयीं एक तरी पुस्तक वाचा. आणि काम पुरें झालें कीं पांच ओळींचें परीक्षण आपल्या वहींत लिहा: संचांत काय चांगलें होतें, काय चुकीचें होतें, आपण काय सुधारलें, काय आपल्याच हातून बिघडलें, आणि या वाहनांत कोण माणसें बसलीं होतीं. पांचवी ओळ लिहितां येत नसेल, तर प्रतिकृति अजून अपुरी आहे असें समजा. आणि वडील मंडळींस विनंति एवढीच कीं, मुलाच्या टेबलावर रणगाडा दिसतांच त्यास रागें भरूं नका. ती वही मागून घ्या आणि तींतली पांचवी ओळ वाचा.