वायसर कोणी बदलावा?

कोट्यवधी रुपयांची इमारत बांधावयास निघालेल्या माणसास पुणे शहरात हवे तेवढे कारागीर मिळतात. गळक्या नळाचा वायसर बदलावयाचा असेल, तर मात्र त्याने धीर धरावा. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या न्हाणीघरातील तोटी गळू लागली. पहिल्या गृहस्थांनी ‘उद्या सकाळी येतो’ म्हणून सांगितले, आणि ती सकाळ आठ दिवस उगवली नाही. दुसरे आले, त्यांनी पाचशे रुपये आगाऊ घेतले, व सामान आणावयास म्हणून जे गेले ते गेलेच. तिसऱ्यांनी तोटी बसविली खरी. परंतु पाना असा काही आवळला की भिंतीतील जोड दुखावला आणि चौथ्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाच्या छतास ओल आली. सध्या त्या दोन घरांचे बोलणे बंद आहे.

यावर ‘कारागीर लबाड झाले’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. लबाडी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेवढ्याने प्रश्नाचा उलगडा होत नाही. थोडा हिशेब पाहावा. कात्रजच्या प्लंबरास कोथरूडात बोलाविले, तर जाण्यायेण्यात दीड तास सहज मोडतो आणि काम असते वीस मिनिटांचे. आपण वायसराची किंमत डोळ्यांपुढे ठेवून ‘एवढ्याशा कामाला तीनशे?’ असे विचारतो. डॉक्टरांनी नाडी किती मिनिटे पाहिली, हे मात्र आपण घड्याळ लावून मोजीत नाही! नव्या बांधकामावर त्याच माणसास महिनोन्महिने रोज मिळतो. मग त्याने तुमचे-आमचे किरकोळ काम का धरावे? तो सरळ नकार देता तर बरे होते. परंतु नकार देणे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो ‘उद्या येतो’ म्हणतो.

पूर्वी गावगाड्यात सुतार-लोहारांस बलुते होते. सुगीला वर्षाचे धान्य पदरात पडे, आणि त्या पोटी लहानसहान दुरुस्ती करून देणे हे त्यांचे कामच असे. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती. ती तुटली हे उत्तम झाले. पण लहान कामाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शहराने कधी नव्याने सोडविलाच नाही. १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. दोन्ही गोष्टी उपयुक्त. पण त्यांचा मुख्य रोख कारखान्यांकडे. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलेला हुशार मुलगा चाकणची वाट धरतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय घातले आहेत. त्यांत सुतार आहे, गवंडी आहे, कुलपे करणाराही आहे. नळाचे व विजेचे काम करणारे, ज्यांच्यावाचून शहरातले घर एक दिवस चालत नाही, ते दोघे तेवढे त्या यादीत नाहीत.

ते मग शिकतात कोठे? देशभरातील शहरांच्या नळकामाचा मोठा भार ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्याच्या माणसांनी वाहिला आहे. तेथे काका पुतण्यास आणि थोरला भाऊ धाकट्यास हे काम शिकवीत आला. ज्यास असा काका नाही, तो तुमच्या-आमच्या भिंतींवर शिकतो.

नळावर शिकला तर ओल येते. विजेवर शिकला तर माणूस जातो. गीझरची अर्थिंगची तार ‘नसली तरी चालते’ म्हणून मोकळी सोडणारे हात याच शहरात हिंडत आहेत. राज्य शासन परीक्षा घेऊन वायरमनचा परवाना देते. तो दाखवा, असे दारात उभ्या असलेल्या माणसास म्हणणारे घरमालक किती? आम्हीही आजवर कधी म्हटलेले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आमची सूचना सहकारी गृहरचना संस्थांस आहे. लिफ्टच्या देखभालीचा वार्षिक करार त्या करतातच; तसाच तो नळाचा आणि विजेचा करावा. आठवड्याचा एक वार ठरवावा, तक्रारींची वही पहारेकऱ्यापाशी ठेवावी, परवाना पाहूनच माणूस नेमावा. येण्याचा आकार वेगळा, कामाचा वेगळा, आणि दोन्ही त्याच दिवशी हातावर ठेवावेत. एका फेरीत दहा घरांची कामे मिळाली, तर कात्रजहून येणाऱ्यासही ते परवडेल; आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच दारात उभे राहावयाचे असल्यामुळे पाना जपून आवळला जाईल.

त्या शिक्षिकाबाईंनी अशा आशयाचा ठराव आपल्या संस्थेच्या येत्या सभेपुढे ठेवला आहे. एका सभासदांनी त्यावर आतापासूनच लेखी हरकत घेतली आहे: येण्याचे पैसे कशाला?