मुठीचे माप आणि कायद्याचा चाप

टोकियोनजीकच्या असाका नेमबाजी संकुलात 4 सप्टेंबर 2021 रोजी पॅरालिम्पिकमधील 50 मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी झाली. मनीष नरवालने 218.2 गुणांसह सुवर्ण, तर सिंहराज अधाना यांनी 216.7 गुणांसह रौप्यपदक जिंकले. दोघेही फरिदाबाद परिसरातले, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातले. नरवालच्या उजव्या हाताला अधूपणा असल्याने तो डाव्या हाताने नेम धरतो. सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली. त्यांच्या हातातल्या अवजाराची चर्चा मात्र फारशी झाली नाही, आणि धोरणाचा प्रश्न नेमका त्या अवजारापाशी येऊन थांबतो.

हे पिस्तूल पोलिसाच्या कमरेला दिसते तसले नसते. त्यात एका वेळी .22 ची एकच गोळी भरली जाते. चाप किती हलका असावा यावर बंधन नाही. लाकडी मूठ नेमबाजाच्या पंज्याला जवळजवळ हातमोज्यासारखी वेढते. मनगट मोकळे राहिले पाहिजे, एवढीच अट. 50 मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या 50 मिलिमीटर व्यासाचे असते. रिओनंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून वगळला गेला, हे आपले दुर्दैवच. कारण 2014 च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत जितू रायने आणि 2018 च्या जागतिक स्पर्धेत ओमप्रकाश मिठरवालने यातच सुवर्ण जिंकले होते. अमेरिकेत तर लांब पल्ल्याच्या पिस्तुलाची कल्पना याहून पुढे ताणली गेली. रेमिंग्टन कंपनीने 1963 मध्ये बाजारात आणलेले ‘एक्सपी-100’ हे वस्तुतः रायफलीची यंत्रणा बसवलेले पिस्तूल होते. पुढे धातूच्या प्राण्यांच्या आकृत्यांवर नेम धरण्याच्या स्पर्धांत 200 मीटरवरचा मेंढा पाडण्यासाठी नळी, मूठ आणि चाप नेमबाजागणिक जुळवून देणारे कारागीर तिथे उभे राहिले.

आपल्याकडे तसा कारागीर नाही. अव्वल नेमबाजांची पिस्तुले स्वित्झर्लंड, इटली, जर्मनी आणि ऑस्ट्रियातून येतात. मूठ ठरावीक मापांत मिळते. मग नेमबाज स्वतःच कानस, पॉलिश पेपर आणि लाकडात भरायची लांबी घेऊन बसतो. हे हस्तकौशल्य कौतुकास्पद असले, तरी ते यंत्राच्या आतल्या बिघाडाला पुरे पडत नाही. त्याच टोकियोत, सहा आठवडे आधी, झज्जरच्या मनू भाकरच्या पिस्तुलात 10 मीटरच्या पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली. ती 575 गुणांसह बारावी आली; अंतिम फेरीची रेषा 577 वर होती. भारतात कार्यशाळा असती तर तो बिघाड टळला असता, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. पण आपले अवजार उघडून पाहणारा माहीतगार माणूस वर्षभर सरावाच्या ठिकाणी उपलब्ध असणे ही चैन नव्हे, एवढे तरी त्या दोन गुणांवरून समजायला हरकत नाही.

असा माणूस तयार का होत नाही? 1959 च्या शस्त्र अधिनियमाचे कलम 5 शस्त्राचे उत्पादन, विक्री, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी या सर्वांना एकाच परवान्याच्या कक्षेत घेते. ‘शस्त्र’ या संज्ञेत त्याचे सुटे भागही येतात. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा उत्पादनाची किमान शिक्षा सात वर्षांवर आणि कमाल शिक्षा जन्मठेपेवर नेली. झीज झालेली .22 ची नळी बदलू इच्छिणारा कुशल फिटर आणि गावठी कट्टे घडवणारा टोळीवाला हे दोघे परवान्याअभावी कायद्याच्या एकाच दारात उभे राहतात.

कायद्याची ही कठोरता अनाठायी मात्र नाही. दिल्लीच्या अवतीभवती कट्टा ही रोजच्या गुन्ह्यातली वस्तू आहे. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने माणसे मेली, म्हणूनच 2019 मध्ये आनंदाच्या गोळीबारालाही स्वतंत्र शिक्षा घालावी लागली. क्रीडासवलतीखाली आणलेली शस्त्रे भलतीकडे वळवल्याचे आरोपही उत्तर भारतात झाले आहेत. सरसकट सूट मागणाऱ्यांनी हे विसरू नये, आणि मी ती मागतही नाही.

पण सरकारने सवलत दिली ती नेमकी चुकीच्या टोकाला, असे माझे मत आहे. नामांकित नेमबाजाला आता 12 पर्यंत शस्त्रे बाळगता येतात. म्हणजे शस्त्रांची संख्या वाढवली, ती नीट ठेवणाऱ्या हातांची नाही. त्याऐवजी क्रीडाशस्त्र-दुरुस्तीचा स्वतंत्र परवाना हवा: काम फक्त मान्यताप्राप्त नेमबाजी संकुलाच्या आवारात, फक्त 4.5 मिलिमीटर आणि .22 च्या लक्ष्यवेधी शस्त्रांवर, प्रत्येक नळी व चापाची क्रमांकासह नोंद, आणि पोलिसांना कधीही तपासणीची मुभा. लाकडी मूठ कोरणे हे शस्त्रनिर्मितीत मोडत नाही, हेही एकदा स्पष्ट लिहून टाकावे. सुतार घाबरून नकार देतो, तो याच संदिग्धतेपायी.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे. राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे यांचे कोल्हापूर लेथ आणि ओतकामासाठीही ओळखले जाते. प्रिसिहोलसारखी मराठी मुलखातली कंपनी एअर रायफली आणि एअर पिस्तुले बनवते. अचूक नळी घडवणे आपल्याला अशक्य आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. कमतरता आहे ती नळीनंतरच्या कामाची: एका विशिष्ट हातासाठी मूठ, चाप आणि तोल जुळवण्याची.

सुरुवात दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग संकुलात करावी. 1982 च्या आशियाई खेळांसाठी उभारलेल्या आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने बांधलेल्या या संकुलात 10, 25 आणि 50 मीटरची दालने आहेत, कडेकोट पहारा आहे आणि देशभरातले नेमबाज सरावाला येतात. संसदेपुढे जाण्याचीही गरज नाही. सार्वजनिक हितासाठी सूट देण्याचा अधिकार अधिनियमाच्या कलम 41 ने केंद्राला आधीच दिला आहे; गृह मंत्रालयाची एक अधिसूचना आणि संकुलातली एक कुलूपबंद खोली, एवढ्यावर पहिले वर्ष भागेल.